नजर वारंवार डावीकडे

माझ्या नणंदेने चाळिशी ओलांडल्यावर मानसशास्त्राच्या ऑनलाइन पदवीला नाव घातलं, तेव्हा नातेवाइकांना बरेच दिवस पुरेल एवढा विषय मिळाला. "लग्नाचं वय गेलं, आता मनाचं काढलंय," असं एक मावससासूबाई माझ्या तोंडावर म्हणाल्या. ताई दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. ती हसून म्हणाली, "तोंडं उघडायला आमचे डॉक्टर आहेत. मनं उघडायचं तेवढं मी शिकते."

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचा सगळा जीव शेवटच्या वर्षाच्या एका विषयात अडकला होता, फॉरेन्सिक सायकॉलॉजी. चौकशीत माणसाचं काय होतं, साक्षीदार काय विसरतो, न केलेला गुन्हा कुणी का कबूल करतो, हे सगळं त्यात येतं. आणि न केलेला गुन्हा कबूल केलेला माणूस आमच्याच घरात राहतो. तो माझा नवरा.

सतरा वर्षांचा असताना तो एका घड्याळजीकडे काम शिकत होता. गिऱ्हाइकाचं महागडं घड्याळ गेलं आणि पोलिसांनी ह्याला नेलं. मारलं नाही. नुसतं बसवून ठेवलं, पुन्हा पुन्हा तेच विचारलं, आणि शेवटी एकाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हो म्हण आणि घरी जा." हा हो म्हणाला. पुढे कळलं, घड्याळ घड्याळजीच्या मुलानेच लांबवलं होतं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझे सासरे मरेपर्यंत त्याला एकच विचारत राहिले, "केलं नव्हतंस, तर कबूल का केलंस?" आता तो फ्रीज दुरुस्त करतो, कामात हुशार आहे, पण कुणी आवाज चढवला की लगेच "माझंच चुकलं" म्हणतो. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ताई मात्र अभ्यासाला बसली.

त्या विषयाची परीक्षा घरूनच होती. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नको, नजर पडद्यावर. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि इंटरनेट धड चालतं ते फक्त सासूबाईंच्या खोलीत. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. ताईने आधीच विद्यापीठाला कळवलं होतं: आई खोलीत असेल, तिला हलवता येत नाही, परवानगी द्या. उत्तर आलं, 'आपला संदेश मिळाला. धन्यवाद.' तेवढंच.

पेपर निम्मा झाला असेल, सासूबाईंना ठसका लागला. साधासुधा नव्हे, श्वास अडकवणारा. मी दारापाशी धावले. पण दुसरा चेहरा कॅमेऱ्यात दिसला की पेपर बाद, म्हणून ताईने हाताने मला थोपवलं. मी उंबऱ्यावर, ती खुर्चीत, आणि मधे त्या माउलीचा जीव घाबराघुबरा. ताई दोन ओळी लिहायची आणि आईकडे बघायची. पुन्हा दोन ओळी, पुन्हा आई. ठसका थांबला, पण तिचं बघणं काही थांबलं नाही. कसं थांबेल?

निकाल लागला तेव्हा तिच्या नावापुढे 'निकाल राखून ठेवला' असं होतं. सोबत नोटीस. 'परीक्षार्थीची नजर वारंवार डावीकडे. वर्तन संशयास्पद.' हे कुणा माणसाने बघून लिहिलं नव्हतं, संगणकाने ठरवलं होतं. ताईने ती नोटीस मला वाचून दाखवली आणि खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परीक्षा विभागातल्या बाईंचा फोन आला. ताई पोळपाटाशी होती, हात पिठाचे, म्हणून मीच स्पीकर लावला. बाईंचा आवाज मधात घोळलेला.

"हे बघा, तुमची पहिलीच वेळ आहे. मान्य करून टाका. एवढा एक पेपर रद्द होईल, पुढच्या खेपेला द्या, विषय संपला. नाही म्हणालात तर चौकशी, सुनावणी, कदाचित सगळं वर्ष जाईल. मी तुमच्या भल्यासाठीच सांगते."

"पण मी काही केलंच नाही," ताई म्हणाली.

"तसं सगळेच म्हणतात हो."

फोन ठेवला आणि मागे बघते तर नवरा भिंतीला टेकून उभा. चेहरा पांढराफटक. "ताई, हो म्हण," तो म्हणाला. "हो म्हटलं की सोडतात."

ताईने पिठाचे हात तसेच त्याच्या दोन्ही गालांवर ठेवले. "तुला सोडलं का रे त्यांनी?"

त्याने गालावरचं पीठ पुसलं. मग म्हणाला, "ते पण असंच गोड बोलत होते. मला चहा पाजला होता." लग्नाला इतकी वर्षं झाली, ही चहाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या चहात मी काय कालवलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुनावणी ऑनलाइनच झाली. पडद्यावर तिघं जण. मधे अध्यक्ष, बाजूला त्या मधाळ बाई, आणि तिसरे तो विषय शिकवणारे सर. त्यांना बघून मला हायसं वाटलं. ताईने मुद्देसूद बोलायची तयारी केली होती, पण अध्यक्षांनी "नजर वळली होती, हे तरी मान्य आहे ना?" असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज चिरकला, डोळे भरले.

"भावनिक होऊ नका," अध्यक्ष म्हणाले, आणि बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

ताईने लॅपटॉप उचलून डावीकडे फिरवला. "हे होतं तिकडे. माझी आई."

आता मला राहवेना. मी सरळ आत शिरले. "नमस्कार, मी हिची भावजय. आज माझं तोंड दिसलेलं चालेल ना? त्या दिवशी चालत नव्हतं, म्हणून सासूबाई गुदमरत असताना मी दारात पुतळ्यासारखी उभी होते!"

"ह्या कोण? यांना बाहेर पाठवा," अध्यक्ष म्हणाले. मी हलले नाही.

ताईने सरांना विचारलं, "सर, नजर चुकवली म्हणजे माणूस खोटं बोलतोय असं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. "तो अभ्यासाचा भाग झाला," ते म्हणाले. "हा शिस्तीचा आहे."

निर्णय आला: संशयाचा फायदा देऊन उत्तीर्ण, आणि नोंदीत एक ताकीद. नातेवाईक म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला, आता गप्प बसा. ताई उसळली. "संशय त्यांचा आणि फायदा म्हणे माझा! ठेवा म्हणावं तुमच्याकडे." तिने ती ताकीद नाकारली आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सगळी हकीकत लिहून टाकली.

मग वारूळ फुटावं तसे निरोप आले. एक जन्मापासून तिरळा, त्याची नजर 'वारंवार उजवीकडे'. एक तान्ह्या मुलाची आई. दवाखान्यात रात्रपाळी करणारी एक नर्स, तिचे डोळे मिटत होते. आणि कितीतरी जणांनी त्या गोड फोननंतर मान्य करून टाकलं होतं. सगळ्यांनी मिळून तक्रार केली, दाद लागेपर्यंत पिच्छा सोडला नाही. शेवटी विद्यापीठाने 'तांत्रिक कारणास्तव' तो नजरेचा नियम काढला. ताईची ताकीद पुसली गेली. चूक झाली, असं कुणी म्हटलं नाही.

आणि ज्यांनी मान्य केलं होतं? त्यांचे पेपर रद्दच राहिले. ताईने फोन केला तर मधाळ बाई म्हणाल्या, "अहो, त्यांनी स्वतःच कबूल केलंय ना!"

ताई पदवीधर झाली. आम्ही घरातल्या घरात आनंद केला, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. मान्य करून बसलेल्या त्या नर्सने भांडून फेरसुनावणी मिळवली होती, ती परवा झाली. सोबत कुणाला बसायची तरतूद नाही, असं विद्यापीठाने कळवलं होतं. ताईने दवाखान्यातून रजा घेतली, नर्सच्या घरी गेली आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसली. अध्यक्षांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी हिच्या बाजूची," ताई म्हणाली. "करा सुरू."