ठोक्याला जवाब

देवराव दुर्गे यांचा एमआरआय दोनदा फसला. दोन्ही वेळा चंद्रपूरच्या केंद्रात त्यांना नळीत सरकवलं, मशीन सुरू झालं आणि लगेच थांबवावं लागलं. नळीत जाणाऱ्याच्या हातात एक रबरी फुगा देतात. जीव घाबरला तर तो दाबायचा, म्हणजे बाहेर घंटी वाजते. देवरावांनी तो दाबला. तंत्रज्ञाने माइकवरून विचारलं, बाहेर काढू का? ते नको म्हणाले. मशीन पुन्हा सुरू झालं आणि त्यांनी फुगा पुन्हा दाबला. असं तीन-चारदा झाल्यावर तंत्रज्ञाने त्यांना बाहेर काढलं. रुग्ण घाबरतो, असा शेरा पडला. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

त्यांच्या कमरेत नस दबली होती. उजवा पाय गुडघ्याखाली बधिर झाला होता. चप्पल वाटेत निसटली तरी त्यांना कळत नसे, मागून येणारा कोणीतरी हाक मारून सांगे. नागपूरहून दर आठवड्याला येणारे सर्जन स्पष्ट बोलले होते. फोटो पाहिल्याशिवाय मणक्याला हात लावणार नाही, आणि उशीर झाला तर पाय परत येईल याची खात्री देणार नाही. गुंगी देऊन फोटो काढण्याची सोयही नव्हती. देवरावांची उभी नोकरी भूमिगत खाणीत गेली होती, छातीत कोळशाची धूळ होती. ऑपरेशन कमरेखालचा भाग सुन्न करून होईल. पण जिथे चटकन हात पोचत नाही अशा नळीत मी गुंगी देणार नाही, असं भूलतज्ज्ञ म्हणाले.

तिसरी तारीख गुरुवारची मिळाली. या वेळी जमलं नाही तर पुढची तारीख मागू नका, असं केंद्राने सुचवलं होतं.

त्यांची मुलगी नंदिनी नागपुरात एका कंपनीत व्हिडिओ गेम तपासायचं काम करते. रजा टाकून ती भद्रावतीला आली. तिचा तर्क सरळ होता. बाबा नोकरीत असताना एकदा खाणीत चाल पडली होती, म्हणजे वरचं छत कोसळलं होतं. बाबा आणि त्यांचे जोडीदार डोमा रामटेके एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत आत अडकून होते. बंद जागेचं भय तेव्हापासून बसलं असणार. भय सवयीने जातं. तिच्या लॅपटॉपवर एक भयाचा खेळ होता, त्यात कपाटात लपून निपचित राहावं लागे.

"त्यायले ऑपरेशन सांगतलं हाय, अन् तू भुताचा खेळ शिकवून राह्यली," रुखमाबाई म्हणाल्या.

"आई, कपाटात राहाची सवय झाली तर नळीत बी राहतीन."

"नाईच जमलं तर?"

नंदिनीने खिडकीचा पडदा ओढला. बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर काही दिसत नव्हतं. कूलर बंद केला, कारण या खेळात ऐकावं लागतं. खोली लगेच तापली. देवराव खुर्चीवर बसले, बधिर पाय त्यांनी हाताने उचलून स्टुलावर ठेवला.

"हे डब्ल्यू दाबलं का माणूस पुढं जाते. एस दाबलं का मागं," नंदिनीने सांगितलं.

"अन् थांबाचं कोनतं?"

"थांबाचं बटन नसते. काई दाबू नका, म्हणजे थांबते."

"असं कसं? आमच्याकडे गाडी ओढाच्या मशीनवर थांबाचं बटन पयले शिकवत."

खेळातला माणूस एका बर्फाळ देशातल्या ओसाड इस्पितळात अडकलेला असतो. दारं बाहेरून बंद. भिंतींवरून वाफेचे जुने पाईप गेलेले. तिथे एक काहीतरी फिरत असतं. त्याला डोळे नाहीत, ते आवाजावर येतं. जवळ आलं की पाईपांवर ठोके देतं. आपण वाकून चालायचं, स्पेस दाबून श्वास रोखायचा, टॉर्चचा सेल जपून वापरायचा आणि ते आलं की कपाटात शिरायचं. हातात एक लोखंडी सळई असते. माउस दाबला की ती पाईपवर आपटते आणि आवाज साऱ्या मजल्यावर जातो. पुढे त्याला चकवायला ती कामी येते. पहिल्या मजल्यावर ती वापरायची नसते.

देवराव पहिल्यांदा भिंतीवर जाऊन आदळले. मग गोल फिरत राहिले. पण टॉर्च त्यांनी आपण होऊन बंद केली, आणि दूर काहीतरी फरपटल्याचा आवाज येताच कपाट शोधून आत गेले. कपाटाच्या फटीतून ते काहीतरी दिसलं. लांब हात, सपाट तोंड. फटीला तोंड लावून ते हुंगू लागलं. याच जागी नंदिनी स्वतः पहिल्यांदा खेळताना घाबरून खुर्चीवरून उठली होती. तिने वडिलांकडे पाहिलं. वरोऱ्याच्या बसची वाट पाहत बसावं तसे ते बसले होते.

"भेव नाई वाटत बाबा?"

"कायचं भेव? दार आतून लागते, हवा हाय. जागा चांगली हाय."

नंदिनीला आपला तर्क चुकल्याची पहिली शंका तेव्हा आली. ती तिने बाजूला ठेवली.

ते निघून गेलं. देवराव कपाटातून बाहेर आले, बोळातून वाकून चालू लागले. लांबून पाईपवर ठोके आले. ठक, ठक, ठक. पडद्यावरच्या माणसाने सळई उचलली आणि पाईपवर तीनदा मारली. दोन क्षणांत ते त्याच्या अंगावर होतं. पडदा लाल झाला.

"सळई कायले मारली?"

"म्या नाई मारली."

"तुमीच मारली. मी पाह्यलं."

"बटन दबलं असन."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. कपाटात ते पुन्हा शांत बसले. बाहेर आले, ठोके आले, सळई वाजली, पडदा लाल झाला. तिसऱ्यांदा तेच, चौथ्यांदाही. दुपारभर देवराव त्या एकाच बोळात मरत राहिले. बोळाच्या पुढे काय आहे ते त्यांनी पाहिलंच नाही. नंदिनीने माउस बदलून पाहिला, मग काढूनच घेतला.

दुसऱ्या दिवशी डोमा रामटेके चहाला आले. ते दोन गल्ल्या सोडून राहतात. लंगडत आत आले, पडद्यावरचा अंधार पाहिला आणि खुर्ची ओढून बसले.

"जयभीम. काऊन बे देवराव, रिटायर होऊन पुन्हा अंडरग्राउंडले लागला का?"

"बस. पोरगी शिकवून राह्यली."

"पगार किती देते?"

"रोज जीव घेते."

"मंग जुनीच नोकरी हाय," डोमा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

खेळ सुरू झाला. आज देवरावांकडे फक्त कीबोर्ड होता, माउस नंदिनीच्या हाती. कपाट झालं. बोळ आला. ठोके आले.

देवरावांच्या बोटाचं पेर टेबलावर तीनदा वाजलं. त्याच वेळी खुर्चीच्या हातावर डोमांचंही वाजलं. तीनदा. मग दोघांनी माना किंचित तिरप्या केल्या आणि ऐकत राहिले.

नंदिनीने खेळ थांबवला.

"तुमी दोघायनं आता काय केलं?"

"चहा पेऊन राह्यलो," डोमा म्हणाले.

"तुमी ठोकलं. दोघायनं."

डोमांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "ठोका आला तर जवाब द्या लागते न माय. खाणीत तो पयला धडा. चाल पडली, वाट बुजली, का बाहेरचे पंपाच्या पाईपावर ठोकतेत. जितके ठोके आले तितके वापस मारा लागते. नाई मारले, तर ते समजतेत इथी कोनी जिंदा नाई. मंग दुसरीकडे खोदाले जातेत."

नंदिनी वडिलांकडे वळली. "बाबा, ते फोटोचं मशीन कसं वाजते?"

रुखमाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ठोकते," देवराव म्हणाले. "पाईपावर ठोकल्यावानी."

"अन् फुगा?"

"हातात दुसरं काय होतं?"

"तुमी सांगतलं काऊन नाई?"

"पयल्या टायमाले मलेबी नाई समजलं. दुसऱ्या टायमाले समजलं. आता तिथी सांगू का, का मी तुमच्या मशीनले जवाब देऊन राह्यलो म्हणून? येडा म्हनले असते. त्यापरीस घाबरला म्हनलेलं बरं."

"पाय जाऊन राह्यला तुमचा," रुखमाबाई म्हणाल्या, "अन् तुमाले लोकायची पडली."

नंदिनीला वाटलं, आता सोपं आहे. कारण कळलं, तर जवाब द्यायचा नाही एवढंच. तिने खेळ सुरू केला आणि वडिलांना हाताची मूठ बांधायला सांगितली. ठोके आले. देवरावांनी मूठ आवळली. दुसऱ्यांदा आले. त्यांच्या कपाळावर घाम आला, श्वास वर चढला, छातीतून घरघर ऐकू येऊ लागली. कपाटात निवांत बसणारा माणूस उघड्या बोळात गुदमरत होता. तिसऱ्या ठोक्यांना त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

"बंद कर," ते म्हणाले. "बंद कर नंदा."

तिने बंद केलं.

"ते चालले जातीन असं वाटते," देवराव म्हणाले. "बाहेरचे."

डोमांनी बशी खाली ठेवली. मग सरळ आवाजात, कामाचं सांगावं तसं सांगितलं. "जवाब पोचला म्हणून समजलं का माणूस गप बसते. तवा आमचा जवाब पोचला, अन् बाहेरून एक लंबा ठोका आला. म्हणजे आयकलं, येऊन राह्यलो. मंग आमी हवा वाचवाले पडून राह्यलो. हा तर झोपला. काढाले आले त्यायले हा घोरण्यावरून सापडला."

"घोरत तू होता," देवराव म्हणाले.

"माया पाय मोडला होता बे. मोडल्या पायानं कोन घोरते?"

नंदिनी लॅपटॉप मिटून बसली होती. "म्हणजे जवाब दुसऱ्यानं देल्ला, अन् बाबाले समजलं का पोचला, तर चालन?"

"चालन का नाई ते त्याले पूस. मी आत जातो, देतो जवाब."

"तुमच्या पायात रॉड हाय काका. तिथी लोखंड घेऊन आत सोडत नाईत."

"कंपनीनं बसवलेला रॉड हाय. असा तसा निंगत नाई."

तेव्हा नंदिनीला शिकावं लागलं. शिकवणारे डोमा होते. कमरेच्या फोटोसाठी माणूस नळीत गेला तरी पावलं बाहेर राहतात. डावा पाय अजून चांगला होता. ठरलं असं की ठोके सुरू झाले की नंदिनी डाव्या अंगठ्याला एक लांब दाब देईल. त्याचा अर्थ, जवाब गेला, त्यांनी ऐकला, येत आहेत. हलवायचं नाही, फक्त दाबायचं. सरावासाठी खेळ होताच. देवराव कीबोर्डवर, पाय स्टुलावर, नंदिनी जमिनीवर बसून अंगठा धरलेली.

"उशीर करून राह्यली," पहिल्या फेरीत देवराव म्हणाले. त्यांचं पेर टेबलावर वाजून गेलं होतं.

"आत्ता तर आला ठोका."

"बाहेरचे वाट पाहून राह्यले न."

"लवकर दे माय," डोमा म्हणाले, "नाई तं दुसरीकडे जातीन खोदाले."

बुधवारी संध्याकाळी देवराव तो बोळ पार करून गेले. पुढे एक जिना होता. तो चढायला नंदिनीने त्यांना दिलं नाही. दम लागला होता आणि छाती वाजत होती. बोळ पार झाला हे खरं, पण दर चार-पाच फेऱ्यांत त्यांच्या बोटातून एखादा ठोका सुटत होता, हेही तितकंच खरं होतं.

गुरुवारी केंद्रावर तोच तंत्रज्ञ होता, सुरज नावाचा. त्याने देवरावांना ओळखलं. नंदिनीने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हसला नाही.

"फुगा तर हातात द्यावाच लागते ताई. नियम हाय."

"द्या."

"अन् पाय हलला का फोटो खराब. पुन्हा काढाले आज वेळ नाई, बाहेर लाइन लागली हाय."

"नाई हलणार."

नंदिनीने कानातलं, बांगडी, पिना सगळं बाहेर ठेवलं. डोमा बाकावर बसले, रुखमाबाई त्यांच्या शेजारी. आत थंड होतं. देवरावांच्या कानांत बोळे घातले, कमरेवर पट्टा बांधला, हातात फुगा दिला आणि फळी आत सरकली. त्यांचा चेहरा नळीत गेला, मग छाती. नंदिनीला दिसत होती फक्त पावलं, आणि पट्ट्याच्या कडेला फुगा धरलेली मूठ.

मशीन सुरू झालं. ठोके खेळातल्यासारखे सुटे नव्हते. एकामागून एक, भिंत फोडत असल्यासारखे. मूठ आवळली. नंदिनीने अंगठा दाबला आणि दाबून धरला. फुगा अर्धा चेपला होता. काचेपलीकडे सुरज पुढे झुकला. मूठ हळूहळू सैल झाली.

ठोके थांबले, मग वेगळ्या चालीने सुरू झाले. तिने दाबलं. पुन्हा थांबले, पुन्हा सुरू झाले. प्रत्येक खेपेला मूठ आवळे आणि तिला वाटे, या वेळी फुगा दबणार. बोटांत गोळे येऊ लागले, पण हात बदलला तर पाय हलेल म्हणून तिने बदलला नाही. नळीच्या आतून काहीच आवाज येत नव्हता. आत जिवंत माणूस आहे याचा एकच पुरावा म्हणजे ती मूठ, आणि नंदिनी तिच्याकडेच पाहत राहिली.

माइकवर सुरज म्हणाला, "झालं काका. पूर्ण निघालं."

फळी बाहेर आली. देवरावांचा चेहरा ओला होता. बोळे काढल्यावर त्यांनी आधी छताकडे, मग मुलीकडे पाहिलं.

"मधात एका टायमाले तू जवाब नाई देल्ला."

"सगळ्यायले देल्ला बाबा."

"नाई. बारीक ठोका होता. हळू आवाजाचा. तुले आयकू नसन आला."

"मंग?"

"मंग काय. पडून राह्यलो," देवराव म्हणाले आणि फुगा तिच्या हातात दिला. "चप्पल पाह्य कुठी हाय."