हिरव्या आकड्याची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि आधीच सांगून ठेवतो, फार घाबरट आहे. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की माझा जीव वरखाली होतो. पण आजच्या गोष्टीत घाबरायला खरंच कारण होतं.

माझा जन्म कारखान्यातला. सहा वर्षांपूर्वी अमोलने मला सीताबर्डीच्या एका दुकानातून घरी आणलं. मिहानमधल्या त्याच्या ऑफिसात मी चार वर्षं राबलो. तेव्हा काय लाड होते माझे! काचेवर बोटाचा डाग पडला तरी तो रुमालाने पुसायचा. मग त्याने नवा मोबाइल घेतला आणि मी त्याच्या वडिलांच्या, मनोहररावांच्या, सदऱ्याच्या खिशात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खिसा डाव्या बाजूला होता. आजोबांच्या छातीची धडधड ऐकत मी तिथे रमलो.

यंदा आजोबांना मोठा ताप आला. ताप गेला, पण वजन अठ्ठेचाळीस किलोवर उतरलं. डॉक्टर म्हणाले, "वजन वाढवा आणि पंधरा दिवसांनी परत दाखवा." अमोलने लगेच माझ्यात एक ॲप टाकलं. त्यात उंची आणि वजन लिहिलं की बीएमआय निघतो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे त्याचा आकडा. कमी असला तर लाल, ठीक असला तर हिरवा. सहावीतल्या सोनिकाकडे, म्हणजे नातीकडे, हे काम आलं. रोज सकाळी आजोबा काट्यावर उभे राहत आणि ती माझ्यात वजन लिही.

पहिला आकडा साडेसतराच्या जरा वर. लाल! सगळं घर धास्तावलं. आठव्या दिवशी मात्र वजन एक्कावन्न झालं आणि मी हिरवा झालो.

"बाबा, तब्येत सुधरून राहिली तुमची!" अमोलने माझा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. किती अंगठे आले म्हणता! मीही जरा फुशारलो. बाराव्या दिवशी त्रेपन्न. अमोल म्हणाला, "आता दवाखान्यात काहून जायचं? पुढच्या महिन्यात पाहू."

मित्रांनो, मला खरी धास्ती बसली ती तिथे. कारण मी खिशात होतो. एका दमात जिना चढणारे आजोबा आता अर्ध्यात थांबत, कठडा धरत आणि त्यांची धाप माझ्या काचेवर आदळे. सकाळी ते चप्पल घालताना पुटपुटत, "ही काहून घट्ट झाली बा?" मला ओरडून सांगायचं होतं. पण माझ्यात रकाने दोनच, उंची आणि वजन. धाप कुठे लिहायची? मी मुकाट्याने हिरवा आकडा दाखवत राहिलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

काळजीने म्हणा की वयाने म्हणा, चौदाव्या दिवशी माझी बॅटरी फुगली. काच एका बाजूने वर उचलली गेली. सोनिकाने मला चार्जिंगला लावायला घेतलं आणि अमोल घाईने उठला.

"अगं, ठेव तो! फुगला म्हणजे आतून बिघडला."

सोनिकाने मला खाली ठेवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग समोरच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांच्या पायांकडे तिची नजर गेली. ती खाली बसली आणि तिने घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच!

"बाबा, आजोबांचे पाय पण फुगले आहेत."

अमोलचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"आता काय सांगू गा? तो हिरवं दाखवून राहिला होता ना!"

ते शब्द मला अजून टोचतात. त्याच दिवशी आजोबांना धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं. हृदय कमजोर झालं होतं, त्यामुळे अंगात पाणी साठत होतं. आम्ही ज्याचं कौतुक केलं ते वजन पाण्याचं होतं. त्या आठ दिवसांत मी दुरुस्तीच्या दुकानात उघडा पडून होतो. नवी बॅटरी बसल्यावर पहिला विचार आला तो त्या खिशाचा. तो खिसा मला परत मिळणार का?

मिळाला, मित्रांनो! घरी आल्यावर आजोबा काट्यावर उभे राहिले. वजन सत्तेचाळीस. मी भीत भीत लाल झालो. सोनिकाचा चेहरा पडला.

"लाल तर लाल वं!" आजोबा हसले. "चप्पल पाह्य, कशी सैल झाली! धाप बी नाही लागून राहिली. आता खाऊन वाढवू."

हल्ली सोनिका आधी आजोबांच्या पायावर अंगठा दाबते, जिना चढताना दम लागला का विचारते आणि मगच मला हातात घेते. मला तिचा मुळीच राग येत नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल. त्याला आकडा जरूर विचारा, तो सांगेल. पण त्याआधी आपल्या माणसाजवळ खाली बसा आणि त्याचे पाय बघा.