पाचातून पाच वजा

किळस येते. दुसरा शब्दच नाही. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, विमा कंपनीचे एजंट. मेच्या सुरुवातीला माझी लॉन्ड्री जळली, तिचा पाच लाखांचा विमा त्यांनीच उतरवला होता. पैसे हातात पडायच्या आत कंपनीच बुडाली. जुलैत भाऊजी घरी आले, तोंड असं पाडून की मलाच त्यांची दया आली.

"वहिनी, आता रुपयाला दहा पैसे मिळतील, तेही कधी कुणास ठाऊक. तुमचा दावा माझ्या नावावर करून द्या. मी रोख एक लाख देतो."

सख्खा दीर म्हणून मी सही ठोकली. तारखेची जागा कोरी होती. "ती मी टाकतो," म्हणाले. आमच्या घरात कागद वाचून सही करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. चुलीत घाला तो मान!

मग कंपनी गुंडाळायला नेमलेल्या कचेरीतून सही पडताळायला बोलावणं आलं. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. भाऊजींनी लोकांकडून हप्ते घेतले होते आणि कंपनीत भरलेच नव्हते. असे पाच लाख ते कंपनीला देणं लागत होते. आता माझा दावा स्वतःचा म्हणून दाखवून त्यांनी अर्ज केला होता: कंपनीकडून मला येणं पाच, माझं कंपनीला देणं पाच, पाचातून पाच वजा, विषय संपला. लाखभर टाकून पाच लाखांचं पाप धुतलं मेल्याने, आणि मी त्याला देवमाणूस म्हणत होते!

"अट एकच," बाई म्हणाल्या. "दावा कंपनी बंद व्हायच्या आधी घेतलेला हवा. कंपनी वीस मेला बंद झाली. कागदावर बारा मे आहे. तेव्हाच सही केलीत ना?"

"आणि नंतर केली असेल तर?"

"मग वजावट नाही. यांना पाचही लाख भरावे लागतील."

भाऊजी शेजारीच बसले होते. "हो म्हणा वहिनी," ते पुटपुटले. "नाहीतर घर विकावं लागेल मला. पोरं रस्त्यावर येतील."

पुतण्यांची तोंडं डोळ्यांपुढे आली. तरी मी दोन्ही तळवे बाईंपुढे धरले. लॉन्ड्रीच्या आगीत भाजल्याचे चट्टे अजून लाल होते.

"बारा मेला हे हात पट्ट्यांत होते. महिना संपेपर्यंत बोट हलत नव्हतं, पेन कुठलं धरणार? सही मी जुलैत केली."

भाऊजी खाली बघायला लागले. मागची तारीख टाकताना वहिनीचे हात तेवढे विसरले होते.

बाईंनी कागद माझ्याकडे वळवला. "मग हे साक्षीदार? बारा मेला तुम्ही यांच्यासमोर सही केलीत, असं यांनी लिहून दिलंय."

खाली आमच्या ह्यांची सही होती. माझ्या नवऱ्याची. मे महिनाभर मला घास भरवत होता, तोच.

"लिहून घ्या," मी म्हणाले. "दोघंही खोटं बोलतायत."