काचेवरचा परिच्छेद

व्यासपीठावरच्या तिरप्या काचेवर अंगठ्याचा एक ठसा होता. पांढरी ओळ त्याच्यामागून वर सरकली की दोन अक्षरं तेवढी फुगायची आणि पुन्हा आपल्या आकाराला यायची. समोरच्या खुर्च्यांतून काच कोरीच दिसे. शब्द दिसायचे ते फक्त बोलणाऱ्याला.

बाईंनी उभी हयात रसायनशास्त्र शिकवलं, हातात चिठ्ठीसुद्धा न घेता. पण गेल्या महिन्यात नवऱ्याच्या शोकसभेत बोलायला उठल्या आणि जीभ टाळ्याला चिकटली. एक अक्षर न बोलता त्या खाली बसल्या. आज संध्याकाळी त्याच्या नावाच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. पुन्हा तसंच झालं तर? परगावच्या मुलाने भाषण लिहून पाठवलं, ओळी काचेवर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टरही ठरवून टाकला. वापरायचा की नाही, हे मात्र बाई आठवडाभर टोलवत आल्या होत्या.

"ठरलं का मॅडम? नवरी मुलगीसुद्धा एवढे आढेवेढे घेत नाही," टेलिप्रॉम्प्टर चालवणारी म्हणाली.

"एकदा वाचून तर बघू दे."

"वाचा की निवांत. तुम्ही थांबलात की ओळ थांबणार. मी तुमच्या मागे मागे."

बाई वाचू लागल्या. उपकरणं, देणगीदारांची नावं, आभार. मग नवऱ्याचा परिच्छेद आला. आवाज कुठेही अडला नाही. बाईंना हायसं वाटलं. "त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी, इथे क्षणभर थांबा, कधीही भरून येणार नाही."

ओळ थांबली. टेलिप्रॉम्प्टरवाली तोंडावर हात दाबून हसत होती.

"काय झालं?"

"कंसातली सूचनाही वाचलीत, मॅडम! चालायचंच, भलेभले वाचतात. काढून टाकते."

बाईंनी ओळ पुन्हा पाहिली. आपण हे वाचलं? त्यांना पत्ताच नव्हता. मग त्याच्याआधीचं तरी कुठे कळून वाचलं होतं? पोकळी म्हटल्यावर नवऱ्याने लगेच विचारलं असतं, "किती दाबाची?" आणि स्वतःच हसत सुटला असता. ही गंमत आता घरी जाऊन सांगायची कुणाला?

इतक्यात मुलाचा फोन आला. "जमलं ना, आई? सगळं काचेवरूनच वाच हं. उगाच विषाची परीक्षा नको."

"आणि मधेच गप्प झाले तर?"

"लोक बघत राहतील, आई. बरं दिसतं का ते?"

"ठेवते रे," म्हणून बाईंनी फोन बंद केला.

"ऐका," त्या टेलिप्रॉम्प्टरवालीला म्हणाल्या, "देणगीदारांची नावं राहू द्या, एकही चुकायला नको. ह्यांचं आलं की काच कोरी करा. बोलता आलं तर बोलेन, नाही आलं तर तशीच उभी राहीन."