खणातली मेणबत्ती

बोग्नाने संग्रहालयातल्या काचेच्या कपाटावरचा हाताचा ठसा पुसला, तोवर झेनोनकाकांनी तिथेच दुसरा उमटवला.

"ती बघ, आईची ग्रोमनित्सा. निळ्या फितीची."

मेणबत्तीखाली नंबर होता, एकशे बारा. फेब्रुवारीच्या सणाला पाद्रींनी मंतरलेली. वीज कडाडली की खिडकीत लावायची, आणि शेवटच्या घटकेला माणसाच्या हातात द्यायची. काकांचे वडील हिच्याच उजेडात गेले होते.

"मग संग्रहालयाला दिलीत कशाला?"

"मी कुठला देतोय! म्हातारीनं दिली. तिला वाटलं, चर्चला दिली. कमानी त्याच, खिडक्या त्याच. हा मठ होता खरा, पण मठवासी जाऊन दोनशे वर्षं झाली, हे तिला सांगणार कोण?"

"किल्ली साहेबांकडे असते, काका. सोमवारी येतील."

"तोवर थांबतेय होय ती? कालपासून बीटाचं सूपही गिळत नाही. नुसता हात पुढे करते. असा." त्यांनी रिकामी मूठ वळली.

"पाद्रींकडे बघा ना."

"संपल्या म्हणाले. फेब्रुवारीत या!"

बोग्ना तिकिटाच्या टेबलाशी गेली. खालच्या खणात, तिच्या लेकीने, मिल्काने, काढलेल्या चित्रांखाली, तशीच मंतरलेली आणखी एक मेणबत्ती होती. मिल्काच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर सासूबाईंनी बोग्नाच्या हातात ठेवलेली. रोज घरी निघताना बोग्ना खण उघडायची, आणि मेणबत्ती न घेताच बंद करायची. डॉक्टरांनी तर आता पुढची तारीख देणंही सोडलं होतं.

तिने मेणबत्ती काढली. पर्समध्ये मिल्काची निळी फीत होती, केस गेल्यापासून तिथेच पडलेली. ती तिने मेणबत्तीला घट्ट बांधली.

"ही न्या. आजींना कळू देऊ नका."

त्या संध्याकाळी तिने खणाला हातही लावला नाही. वाटेत मिल्कासाठी नाशपाती घेतल्या, पिकलेल्या, दाबून दाबून निवडलेल्या.

चौथ्या दिवशी काका आले. दंडाला काळी पट्टी, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी.

"शांतपणे गेली. बोटं काही सोडेनात बघ, मलाच सोडवावी लागली. घे, तुझी वस्तू तुला."

"असू द्या तुमच्याकडे."

"मला काय करायचीय? माझ्या हातात द्यायला घरात आहे कोण? तुझं बरं आहे, तुला लेक आहे."

काका गेले. बोग्नाने कागद सोडला. मेणबत्ती निम्मीच उरली होती. फितीच्या टोकाला मेण ओघळून थिजलं होतं. तिने ते नखाने खरवडून काढलं, मग खण उघडला. बराच वेळ तो तसाच उघडा राहिला.

मग तिने मेणबत्ती घरी न्यायच्या पिशवीत ठेवली, मिल्काच्या औषधांच्या बाटल्यांशेजारी, आडवी.