आकडीबाबा आणि शून्याचा आकडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आकडी आलेल्या माणसापुढे आकडीबाबांनी चांदीची घंटी वाजवली की तो शांत होतो, अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी तर बाबा भलतेच रंगात आले होते.

"भक्तहो, सरकारी बायका दारोदार हिंडल्या, हजारो लोकांना विचारलं. आकडीचे रुग्ण किती सापडले? शून्य! कृपा कुणाची?"

"बाबांची!" छत हादरलं.

त्या सरकारी बायका म्हणजे शेवटच्या रांगेत बसलेल्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची नर्स, म्हणजे मी.

"सिस्टर, हे शून्य काही मला पचत नाही," बाई कुजबुजल्या. "कुठेही जा, हजारात चार-पाच जण तरी निघतातच. इथले मेंदू काय ऑर्डर देऊन बनवलेत? आणि सरकारला शून्य कळवलं, तर दवाखान्याला औषधंही शून्यच येतील."

तेवढ्यात पुढच्या रांगेत धप्पकन आवाज झाला. शिंप्याची बायको खाली कोसळली होती. डोळे फिरलेले, हातपाय झटके देत होते. कुणी तिच्या नाकाला चप्पल लावायला धावलं, कुणी दातांत चमचा घालायला.

"लांब व्हा! तोंडात काही घालू नका!" बाई गर्दीतून घुसल्या. आधी खुर्च्या बाजूला सारल्या, मग तिला कुशीवर वळवून डोक्याखाली ओढणी दिली.

बाबा मात्र निवांत. हात धुतले, पुसले, डोळे मिटून पुटपुटले, मग चौरंगाकडे हात नेला. घंटी गायब! बाबांनी चौरंगाखाली पाहिलं, आसन झटकलं, शिष्यावर डाफरले, शेवटी गुडघ्यांवर रांगायला लागले.

इकडे झटके ओसरले. तिचा श्वास संथ झाला. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"बाबा, घंटी माझ्या पर्समध्ये आहे," बाई म्हणाल्या. "हिच्याकडे धावताना चौरंगावरून उचलली. वाजली नाही, तरी आकडी थांबली. कशी काय?"

बाबा रांगत्या अवस्थेतच म्हणाले, "माझ्या... माझ्या संकल्पाने!"

"संकल्प तर घंटी शोधण्यात गुंतला होता!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सभागृह खदखदून हसलं.

"बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात," बाईंनी सांगितलं. "तेवढा वेळ बाबा हात धुण्यात घालवतात. पाच मिनिटांत थांबली नाही, तर मात्र थेट दवाखाना गाठायचा."

शिंप्याची बायको सावरून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, तुम्ही दारात आलात तेव्हा मी 'नाही' म्हणाले. बाबा म्हणाले होते, आजाराचं नाव काढलंस की आकडी परत येईल. गोळ्याही बंद करायला लावल्या."

शिंपी मान खाली घालून म्हणाला, "उद्यापासून गोळ्या मी देईन हिला."

 मग एका कोपऱ्यातून आवाज आला, "माझ्या सासऱ्यांनाही येते." दुसरीकडून, "आमच्या ताईला." बाबांनी मागचं दार कधी गाठलं, कुणालाच कळलं नाही.

आम्ही पुन्हा घरोघर फिरलो. या वेळी आकडा इतर ठिकाणांसारखाच, हजारात चार-पाच आला आणि दवाखान्यात औषधंही आली.

आकडी हा मेंदूचा आजार आहे. तो शाप नाही, लाजही नाही. तेव्हा दारात कुणी विचारायला आलं, तर खरं सांगा. लपवलेल्या माणसापर्यंत औषध पोहोचत नाही.