एकाच पाहुण्याचा पास

पदवीदानाला प्रत्येकी एकच पाहुणा, असा मुक्त विद्यापीठाच्या ठाण्याच्या केंद्रावरून फोन आला तेव्हा माझा नवरा महेंद्र नव्या शर्टाला इस्त्री करत होता. मी म्हटलं, तू राहू दे, आबांना नेते. बिचाऱ्याने शर्ट परत कपाटात टांगला.

खोटं कशाला बोलू, मी बापाला प्रेमाने नाही नेलं. जिरवायला नेलं. एफवायला असताना त्यांनी मला कॉलेजातून काढून मोहने गावातल्या आमच्या घरी बसवलं आणि सहा महिन्यांत लग्न लावून दिलं. त्याला सत्तावीस वर्षं झाली. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटता लाटता, शेहेचाळिसाव्या वर्षी, मी बी.ए. झाले. ते त्यांनी डोळ्यांनी बघावं आणि एकदा तरी म्हणावं की माझं चुकलं. बास, एवढंच पाहिजे होतं मला.

तर सभागृहात मी काळा गाऊन घालून बसलेले. मेला खांद्यावरून सारखा घसरत होता. मागे वळून बघितलं तर आबांची खुर्ची रिकामी! टॉयलेटला गेले असतील म्हटलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुढे कुणाचं तरी भाषण चालू आणि माझी मान मागेच. फोन लावला, उचलेनात. शेजारची पोरगी म्हणाली, "काकू, किती चुळबुळ करताय!"

"तुझा बाप हरवला की कळेल तुला," मी फटकारलं. मग वाईट वाटलं, पण सॉरी म्हणायचं सुचलं नाही.

पळाले, मला वाटलं. त्यांना बघायचंच नव्हतं.

तेवढ्यात आमची रांग उठवली. स्टेजच्या पायरीशी यादी घेऊन एक मॅडम उभ्या होत्या.

"नंदा महेंद्र गांगुर्डे," मी नाव सांगितलं.

"असं कुणी नाही यादीत."

नीट बघा म्हटलं. त्यांनी अख्खी यादी चाळली. "नंदा देवराम भालेराव तुम्हीच का? बारावीच्या मार्कशीटवरचं, माहेरचं नाव आलंय."

अगं बाई! फॉर्म भरताना मीच ती मार्कशीट जोडलेली आणि लग्नाचा दाखला जोडायचा राहिलेला.

"सासरचं वाचायला सांगू?" मॅडमनी विचारलं. मागची पोरं ढकलत होती.

"काय पण वाचा, पटकन वाचा," मी म्हणाले. डोळे अजून दरवाजावर.

माइकवर माझं नाव मोठ्याने आलं, आबांच्या नावासकट. पदवी कुणाच्या हातून घेतली ते मला आठवतसुद्धा नाही. खाली उतरले ती गाऊन सावरत तडक बाहेर. आबा दरवाजाबाहेरच भिंतीला टेकून उभे. सगळा वेळ तिथेच होते, आत बसवेना म्हणे.

"नंदे, त्यांनी माझं नाव कशाला घेतलं?"

"कागदावर तेच आहे, आबा."

"खोडायला लाव. मी तुला घरी बसवली. त्या कागदावर माझं नाव नको." आणि ऐंशी वर्षांचा माणूस हमसून हमसून रडायला लागला.

इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं, आणि मला ते सहनच होईना. भयंकर राग आला, नेमका कुणाचा ते कळेना.

"गप बसा हो!" मी ओरडले. लोक बघायला लागले. "खोडायचं नाही म्हणजे नाही. मोहन्याच्या घरी, तुमच्या खाटेसमोर भिंतीवर लावणार आहे मी हे. रोज वाचायचं."